अण्णांच्या मृत्युपत्रावरची रिकामी जागा

मंडळी, आज आमच्या शेजारच्या अण्णांचं तेरावं होतं.

जेवणं आटोपल्यावर मुंबईहून आलेल्या त्यांच्या मुलाने मृत्युपत्र वाचलं. अण्णांनी घर बेबीआत्याला दिलेलं. ही त्यांची अविवाहित बहीण, चाळीस वर्षं त्याच घरात राबलेली.

"साक्षीदारांच्या सह्याच नाहीत. हे चालायचं नाही. आत्या, तू तुझी सोय बघ," तो म्हणाला.

गणपतीत अण्णा हाच कागद घेऊन माझ्याकडे आले होते. "साक्षीदार म्हणून सही कर रे." मी म्हटलं होतं, "सणासुदीला कसलं अभद्र बोलता!" आणि मोदक पुढे केला.

आत्याने कागद माझ्यासमोर धरला. सहीच्या रिकाम्या जागेखाली अण्णांनी पेन्सिलने माझं नाव लिहून ठेवलं होतं.

"अण्णाने तुला कधी विचारलंन नाही का रे?"

सांगा, काय उत्तर देऊ?