चिंचेनं घासलेली चिप

आमच्या घरातला माळा दोघांचा, पण ताबा माझा. तिथं दोन मुके रेडिओ, एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि बंद पडलेल्या सूतगिरणीच्या लिलावातून मी हौसेनं उचललेला ढेरपोट्या कॉम्प्युटर. चालत काहीच नाही, पण टाकवत नाही. दिवाळीच्या तोंडावर बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "अहो, रविवारी भंगारवाला येतोय. त्यातली एक तरी वस्तू कुणी मागतंय असं दाखवा, माळा तुमचा. न्हायतर माझा."

मी मोबाईलवर जुन्या चिपा ओळखण्याचे व्हिडिओ बघायला बसलो. दुसरा व्हिडिओ संपेपर्यंत मी तज्ज्ञ झालो होतो. काळ्या प्लॅस्टिकची चिप म्हणजे सामान्य जनता. पांढऱ्या सिरॅमिकची, वर सोनेरी झाकणाची म्हणजे खानदानी. अंगावर छापलेला नंबर म्हणजे तिचं नाव-गाव, आणि खाली चार आकडे असले तर पहिले दोन जन्मसाल, पुढचे दोन आठवडा. पत्रिकाच की!

मग मी टीव्ही-रेडिओ उघडून जेवायच्या टेबलावर काळ्या चिपा मांडल्या.

"झुरळं वाळत घातल्यावानी दिसतंय," बायको म्हणाली. "उचला, ताटं मांडायचीत."

आणि कॉम्प्युटरच्या पोटात ती सापडली. पांढरी, सोनेरी झाकणाची, वर तीस-पस्तीस वर्षांचा मळ. मी फोटो काढून पुण्यातल्या एका संग्राहकाला पाठवला. त्याचं उत्तर मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं, "काका, नंबर नीट दिसत नाही. जरा पुसून फोटो पाठवा. बहुतेक घेईन मी."

बायको गप्प झाली. लग्नानंतर हे फारसं घडलेलं नाही, त्यामुळं मला जोर चढला. नुसतं पुसायचं काय? पितळेसारखं पिवळं दिसलं की चिंच आणि मीठ, हे आमच्याकडं पाळण्यापासून ठाऊक. चांगली चिंच कोळली, काथ्या घेतला आणि मन लावून घासलं. झाकण असं लखलखलं की फोटोत माझ्या नाकपुड्या दिसल्या.

"काका, ही दुसरी चिप आहे का?" नवा फोटो बघून त्यानं फोनच केला.

"छे! तीच की."

"मग नंबर कुठाय?"

मी चिप उलटी केली, सुलटी केली. नंबर चिंचेच्या चोथ्यात गेला होता. सोनेरी मुलामासुद्धा कडेनं पांढरा पडलेला.

"नंबर माझ्या लक्षात आहे," मी म्हणालो. "बॉलपेननं लिहून देऊ का?"

"राहू द्या काका," तो म्हणाला. "नंबर गेला की ती नुसती छोटी फरशी."

रविवारी भंगारवाला आला. त्याला मी चिपेच्या जन्मसालाची माहिती देऊ लागलो, तर तो म्हणाला, "साहेब, काट्याला वय कळत न्हाय," आणि सगळं पोत्यात भरून घेऊन गेला.

माळा रिकामा झाला. बायको स्टुलावर चढली आणि माझ्या खोक्यांमागं अडकलेले तिचे पितळी हंडे, पराती, समया एकेक करून माझ्यापुढं मांडायला लागली.

"हात लई चांगला हाय तुमचा," ती म्हणाली. "ह्यांच्यावर नंबर-बिंबर काय न्हाय. बिनधास्त घासा."