होडीत मुक्कामाला गेलेल्या कोंबड्या

ती घटना आठवली की आजही कानात आधी समुद्राची गाज येते आणि तिच्या आड कोंबड्यांचं दबकं कुरकुरणं ऐकू येतं. निवृत्तीच्या काही वर्षं आधीची गोष्ट. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावरचं ते गाव आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होतं. नावं सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच नांदत आहेत.

सकाळची हजेरी चालू असताना एक विधवा बाई तक्रार घेऊन आली. ती कोंबड्या पाळायची आणि पर्यटकांना जेवण देणाऱ्या घरांना अंडी पुरवायची. त्यावरच तिची चूल पेटत होती. दिवसा चरायला सोडलेल्या कोंबड्यांतली रोज एखादी संध्याकाळी परत येईना. संशय तिनं थेट सख्ख्या दिरावर घेतला. सामाईक आंब्यावरून दोन्ही घरांचं बोलणं कधीचं तुटलेलं होतं. तिच्या मुंबईतल्या मुलानं फोनवर सांगितलं होतं, "मी येतोय. काकाचे हातपायच मोडतो."

कोंबडीचोरी म्हटलं की ठाण्यात हशा पिकतो. मला मुलाच्या त्या वाक्याचं हसू आलं नाही. भाऊबंदकीत कोयता अशाच लहान कारणावरून उगारला जातो. मी तिचा जबाब नोंदवून घेतला.

मग बीट हवालदारांना एका मासेवालीनं खबर दिली. दिराची जुनी होडी सुरूच्या बनात उपडी पडलेली होती आणि तिच्याभोवती पिसं दिसत होती. मी दिराला ठाण्यात बोलावलं. थकलेला खलाशी. बायको गेल्यापासून त्यानं समुद्रावर जाणं सोडलं होतं. खोटं बोलणारा माणूस एक तर फार बोलतो, नाहीतर सारखा दाराकडे बघतो. हा दोन्ही करत नव्हता.

"कोंबड्या तुमच्याकडे आहेत?"

"हायत."

हवालदारांनी कागद पुढे ओढला.

"म्हणजे तुम्ही नेल्यात."

"नाय सायब. त्या आपणहून येतात. मी हाक मारली नाय, हाकलल्या पण नाय."

"मग वहिनींना का नाही सांगितलं?"

तो हळूच म्हणाला, "सांगितलं असतं तर त्या घेऊन गेल्या असत्या. माझ्या घरात कुणाचा आवाज नाय. तिन्हीसांजंला ह्या आपसात बोलतात, तेवढाच जिवाला आधार."

नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणं खात्यात बसत नाही. भर दुपारी आम्ही बाईच्या घरामागच्या परड्यात गेलो. खुराडा तिच्या मुलानं सुट्टीत येऊन बांधला होता. मुंगूस शिरू नये म्हणून चारी बाजूंनी जांभा दगडाचा चिरा, वर पत्रा, खाली कोबा आणि एकच बुटकं दार. हवालदार वाकून आत डोकावले आणि डोळे पुसतच मागे सरले. पत्रा तापला होता, विष्ठेची ओल सुकत नव्हती, वास नाकात झोंबत होता. बसायला एक दांडी नाही.

संध्याकाळी बाईला आणि दिराला घेऊन मी आणि हवालदार सुरूच्या बनात थांबलो. उजेड मधासारखा दाट झाला होता. वारा झाडांतून वाहत होता. कोंबड्या एकेक करून आल्या, सावकाश, कुणी बोलावलेलं नसताना. होडीची एक कड दगडांवर उचलून धरलेली होती. तिथून त्या आत शिरल्या आणि आडव्या फळ्यांवर अंग फुगवून बसल्या. खाली कोरडी वाळू होती. फटींतून खारा वारा खेळत होता. कोल्हा, मुंगूस येऊ नये म्हणून म्हाताऱ्यानं उघड्या बाजूला जुनं जाळं दुहेरी करून ताणलं होतं. आतून ते कुरकुरणं सुरू झालं.

बाईनं पदरानं तोंड पुसलं. "लेकानं एवढं मजबूत बांधलं होतं..." ती पुटपुटली. मग दिराकडे न बघताच म्हणाली, "भावजी, ती पांढरी खात नव्हती. आता खातेय?"

"खातेय. अंड्यावर आलीय."

तक्रार तिनं मागे घेतली. मुलगा तावातावानं गावात उतरला, तेव्हा काका त्यांच्याच परड्यात खुराड्याच्या दोन भिंतींचे वरचे चिरे काढत होता आणि आई खाली उभी राहून ते हातात घेत होती. तो फाटकापाशी बराच वेळ उभा राहिला. मग पिशवी ठेवून त्यानं पहार उचलली. मोकळ्या भागात बारीक जाळी आली, तिची कड जमिनीत खोल गाडली गेली. छप्पर उंच झालं, त्यावर माडाची झापं पडली. आत दांड्या बसल्या आणि कोब्यावर भाताचं कोरडं तूस पसरलं.

त्यानंतरच्या नोकरीत घर सोडून गेलेल्या माणसांच्या तक्रारी माझ्यापुढे आल्या. कुणाची सून, कुणाची मुलगी, कुणाचा म्हातारा बाप. नातेवाईक एकच सांगायचे, "कुणीतरी फूस लावून नेलं." मी त्यांचं सगळं लिहून घ्यायचो. मग म्हणायचो, "चला, ते माणूस झोपायचं ती जागा आधी दाखवा."