तळाची पट्टी

हां, तर माऊस ती फारसा हातात धरतच नाही, इथवर काल आलो होतो आणि तुम्हाला घरून बोलावणं आलं. ती म्हणजे माझी धाकटी सून. घरात तिला सगळे कात्री म्हणतात. नाव थोरल्याने ठेवलं, ती घरात येऊन चार दिवस झाले होते तेव्हा, टोमणा म्हणून. त्याला वाटलं चिडेल. दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरला चिठ्ठी चिकटवली: 'कात्री. विचारल्याशिवाय हात लावू नये.' 

तिचं काम आवाज कापायचं आणि जोडायचं. शाळेचे धडे, दवाखान्यातल्या सूचना, लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाई, हे सगळं आमच्या मागच्या खोलीतून जातं. खोली कसली, आठ बाय दहाचा खोका. एका भिंतीला दोन गाद्या उभ्या, दाराला जाड रजई, आणि रेकॉर्डिंग करायचं तर लोकरी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बोलायचं. मीही बोललोय. दवाखान्यातला 'कृपया रांगेत उभे राहा' हा आवाज माझा. मागे गुडघा दाखवायला गेलो आणि जरा पुढे घुसलो, तर वरून मीच मला दटावलं. मागची बाई म्हणाली, "ऐकू येत नाही का आजोबा, तो काय सांगतोय?" आता तिला काय सांगणार. मुकाट्याने मागे गेलो.

तर कॉम्प्युटरचा पडदा. मी सातवी शिकलेला माणूस, एका खोलीत चार इयत्ता भरायच्या अशा शाळेतला, पण तिच्या शेजारी स्टूल टाकून बसून बसून मला ते समजायला लागलंय. आडव्या पट्ट्या असतात, एकाखाली एक, वाफ्यांसारख्या. ती ट्रॅक म्हणते, मी पट्टी म्हणतो, भांडण नाही. वरच्या पट्टीत बोलणाऱ्याचा आवाज, त्याखाली प्रश्न विचारणाऱ्याचा, त्याखाली मोटारीची घरघर, पावलं, दार. प्रत्येक पट्टीत रंगीत तुकडे. एक बटण दाबलं की उभी रेघ टुणकन पुढच्या तुकड्याच्या काठावर जाते, दुसरं दाबलं की मागच्या. टक टक टक, थांबली, दोन बटणं, खोकला गेला. टक टक, 'म्हणजे म्हणजे' मधलं एक म्हणजे गेलं. मी विचारलं, "तुकडा उचलून हाताने का नाही ठेवत? बाकीचे तर तसंच करतात."

"बाबा, हाताने ठेवला की अंदाजे बसतो," ती म्हणाली. "काठावर उडी मारली की काठावरच बसतो."

आणि सगळ्यात खाली एक लांबलचक राखाडी पट्टी. एकसंध, कुलूप लावलेली. तिच्यात मूळ बोलणं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, खोकल्यासकट, कपबशीच्या आवाजासकट. ती वाजत नाही आणि हलत नाही. वर काय वाटेल ते कापा, खाली नजर टाकली की कळतं कुठला तुकडा कुठून उचललाय. ही खोड तिला तळघरातल्या एका स्टुडिओत लागली, पहिल्या नोकरीत. तिथल्या मालकाने एका शिक्षिकेचा गणिताचा धडा कापला आणि मूळ पुसून टाकलं. धडा बाहेर आला तर त्यात नऊ सत्ते चौपन्न. बाई सांगून थकल्या, मी त्रेसष्टच म्हटलं होतं. मालक म्हणाला, "आवाज तुमचाच आहे ना?" बाई डोळे पुसत जिना चढून गेल्या. कात्रीने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. वय बावीस, बाप शिंपी, त्याची नजर गेलेली, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. आमच्या हिला हे कळलं तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे अक्कल कमी आणि कणा जास्त. चालेल."

आता मुख्य गोष्ट. पाणीपुरवठा खात्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी एक दालन करायचं ठरवलं. जुन्या कामगारांचे फोटो, प्रत्येकाखाली हेडफोन, कानाला लावला की त्या माणसाच्या आठवणी ऐकू येणार. आवाजाचं काम कात्रीकडे आलं. त्यात एक पंपकाका होते. चौतीस वर्षं पंपघरात काढलेला माणूस, हातांना अजून ग्रीसचा वास, बोलणं हळू.

पंपकाकांच्या नावावर एक डाग होता. अठरा वर्षांपूर्वी भर दुपारी नदी फुगली, पंपघरात पाणी शिरलं आणि पंप जळाला. चौकशी झाली आणि कागदावर शेरा बसला: पंपचालक पाळीवर झोपला होता. तेव्हापासून न्हाव्यापासून भाजीवाल्यापर्यंत ज्याला त्याला विचारायला एकच, "काय काका, झोप झाली का?" अठरा वर्षं. ते हसून पुढे जायचे. खात्याने बोलायला बोलावलं तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले आणि कपाटात डोकं घालायच्या आधी कात्रीला म्हणाले, "माझी नात शाळेबरोबर ते दालन बघायला जाणार आहे. तिने माझ्या तोंडून ऐकावं."

मग ते बोलले. मी ऐकलंय, म्हणून सांगतो. "पुराचं पाणी पंपघरात शिरलं तेव्हा पाळीवर मी एकटाच होतो. वरच्या ऑफिसला तीन वेळा फोन लावला, कोणी उचलला नाही. मग कमरेएवढ्या पाण्यात जाऊन मुख्य स्विच पाडला." एवढंच. कुणाला शिवी नाही, तक्रार नाही.

पुढे कात्रीने विचारलं, "नोकरीच्या पहिल्या आठवड्यातलं काही आठवतं का?" तेव्हा ते खुलले. म्हणाले, "मला डोळा लागला होता, खोटं कशाला बोलू. जागा झालो तर सगळीकडे पाणी, आणि पहारेकऱ्याची गादी तरंगत फाटकाकडे निघालेली." त्या वेळी टाकी भरून वाहिली होती, दुसरं काही नाही. आम्ही सगळे हसलो. कपाटातले स्वेटरसुद्धा हसले असतील.

आता चूक बघा. तीन फोनांच्या तुकड्यात मागे पंख्याची गुणगुण होती. ती साफ करायला कात्रीने तो तुकडा उचलून खालच्या रिकाम्या पट्टीत ठेवला. तुकडा काढला की मागचे सगळे आपोआप पुढे सरकावेत, अशी एक सोय असते. बाकावरून एक उठला की उरलेले सरकून बसतात, तसं. ती सुरू होती. मधलं बाकीचं बोलणं दालनासाठी आधीच कापलेलं होतं, त्यामुळे गादीची गोष्ट सरकून थेट पुराला चिकटली. शिवाय वरची एकच पट्टी ऐकू यावी म्हणून तिने बाकीच्या गप्प करून ठेवल्या होत्या. तेवढ्यात खात्यातून फोन, कच्चं का होईना, आत्ता पाठवा, साहेब बसलेत. तिने पाठवलं. गप्प केलेल्या पट्ट्या गप्पच राहिल्या. म्हणजे फोन गेले, स्विच गेला, तिने विचारलेला प्रश्नही गेला, आणि उरलं ते असं: पुराचं पाणी पंपघरात शिरलं तेव्हा पाळीवर मी एकटाच होतो, मला डोळा लागला होता, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या तासात प्रसिद्धी अधिकाऱ्याचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला होता, हातात काम होतं म्हणून.

"मॅडम, कमाल केलीत. काय प्रामाणिक माणूस आहे. चूक मोकळेपणाने सांगतोय आणि वर ती तरंगणारी गादी. अजिबात हात लावू नका. मोठ्या साहेबांनी ऐकलं, त्यांना फार आवडलं."

मोठे साहेब म्हणजे खात्याचे मुख्य. अठरा वर्षांपूर्वी वरच्या ऑफिसातल्या त्या फोनशेजारची खुर्ची त्यांचीच होती. हे पंपकाका कपाटात बोलले नव्हते, नंतर चहा पिताना बोलले होते.

कात्रीने फोन ठेवला, पाठवलेलं पुन्हा लावून ऐकलं आणि बाहेर आली. तिचा चेहरा बघून आमची ही म्हणाली, "काय गं, कोण गेलं?"

"पंपकाका झोपले," ती म्हणाली. "मी झोपवलं."

मग सगळं सांगितलं. रडणं नाही, 'असं झालं, तसं झालं' अशा सबबी नाहीत. परत आत गेली, टक टक करत काठ गाठले, तुकडा जागेवर, प्रश्न जागेवर, आणि दुरुस्त केलेलं त्याच संध्याकाळी पाठवून दिलं. उत्तर एका ओळीत आलं: पहिलंच मंजूर झालेलं आहे.

माझा धाकटा, म्हणजे तिचा नवरा, स्वभावाने मऊ. जेवताना म्हणाला, "अगं, लिफ्टच्या सूचनांचं काम त्याच अधिकाऱ्याच्या ओळखीने आलंय. जरा जपून."

"मग लिफ्ट मुकी राहील," ती म्हणाली. "लोक जिन्याने जातील. तब्येती सुधारतील."

"तुला सगळ्याची चेष्टा."

"चेष्टा नाही. मी चूक केली ती त्यांना सोयीची पडली, म्हणून ती खरी होते का? आता पोळी वाढ आणि गप्प बस," असं म्हणून तिने त्याच्याच ताटातला घास उचलला. तो हसला. आमच्या घरात भांडण असं मिटतं.

दुसऱ्या दिवशी तिने पंपकाकांना बोलावून घेतलं आणि आधी चूक सांगितली, मग ती ऐकवली. मला ते बघवेना, पण उठवेनाही. काकांनी हेडफोन काढला आणि बराच वेळ त्याची वायर गुंडाळत बसले.

"जाऊ दे, पोरी," म्हणाले. "पेन्शन चालू आहे. खात्याशी वाकडं कशाला? लोक तसंही तेच म्हणतात."

"तुम्ही म्हणालात तर तुमचं सगळं काढून घेते, काका. फोटो लागेल, आवाज नाही. तुमचं बोलणं, तुमची मर्जी. पण हे असं मी जाऊ देणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी नाही."

"आणि दुसरं कसं आहे, दुरुस्त केलेलं?"

तिने लावलं. ते पडद्याकडे बघत ऐकत होते. फोनांपाशी आल्यावर म्हणाले, "थांब. ते कुठलं?" तिने बटण दाबून रेघ त्या तुकड्याच्या काठावर नेली. काकांनी बोट पडद्याजवळ नेलं.

"हा पिवळा? एवढासाच?"

"दहा सेकंद."

"मला वाटलं होतं फार बोललो." मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठेव. आहे तसं दे. गादीचंही ठेव, नातीला ती गोष्ट आवडते."

झालं. खात्यातून बोलावणं आलंच. मी बरोबर गेलो, लॅपटॉपची पिशवी उचलायला म्हणून. खरं सांगू, मला बघायचं होतं. वर जायच्या आधी ती तळमजल्यावर आवक खिडकीशी थांबली आणि दोन ओळींचं पत्र दिलं: पहिली फाइल माझ्या चुकीने तशी झाली आहे, ती वाजवू नये. कारकून म्हणाला, "ठेवा, बघतो." ती म्हणाली, "बघू नका, शिक्का मारा." स्वतःच्या प्रतीवर शिक्का घेतला, तारीख वाचून बघितली, मग जिना चढली.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही जीव मुठीत धरून बसायला नको. ते काम गेलं. लिफ्टचंही गेलं. चार महिने मागच्या खोलीत फक्त शाळेचे धडे होते, आणि आम्ही उपाशी राहिलो नाही. दालन उघडलं तेव्हा मीही गेलो होतो. पंपकाकांच्या फोटोखाली हेडफोनची खुंटी रिकामी होती. शिक्का बसलेलं पत्र असताना ती फाइल वाजवायची कुणाची छाती झाली नाही. काकांची नात मात्र आमच्या घरी आली, कपाटासमोर मांडी घालून बसली आणि सगळं ऐकून गेली, गादीचं तर तीनदा.

तर प्रसिद्धी अधिकाऱ्याची खोली. टेबलावर काच, काचेखाली कुठल्या कुठल्या सहलींचे फोटो, कोपऱ्यात दालनाची पुठ्ठ्याची प्रतिकृती. अधिकारी वाईट माणूस नव्हता; कुणाचं तरी ऐकून बोलणारा होता, आणि अशा माणसाला घाम जास्त येतो.

"मॅडम, यात आम्ही एक अक्षर तरी घातलंय का?" तो म्हणाला. "शब्द त्यांचे, आवाज त्यांचा."

कात्रीने लॅपटॉप उघडून त्याच्याकडे फिरवला आणि तळाची पट्टी दाखवली. वरचे दोन तुकडे, आणि खाली त्या दोन जागांमध्ये केवढं अंतर आहे ते. "हे इथलं, हे तिथलं," ती म्हणाली. "मध्ये एकवीस मिनिटं आणि सोळा वर्षं आहेत."

त्याने बघितलं. बघून झाल्यावर आवाज खाली आणला. "असं करा. ही खालची पट्टी पुसा आणि पहिली फाइल आहे तशी राहू द्या. तुमच्यावर काही येणार नाही. पुढच्या वर्षीही काम तुम्हालाच."

 मी पिशवीचा पट्टा धरून उभा.

"नाहीतर तुमचं नाव यादीतून जाईल, आणि ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला. मग खरंच न समजून त्याने विचारलं, "एका म्हाताऱ्यासाठी एवढं? तुमचा कोण लागतो तो?"

तिने लॅपटॉप मिटला, पिशवी माझ्या हातातून घेतली. तिचं उत्तर शब्दाला शब्द सांगतो, कारण परतताना बसमध्ये मी ते दोनदा तिच्याकडून म्हणून घेतलं:

"माझे ते कोणी नाहीत, साहेब. ते त्या दिवशी जागे होते, एवढं मला माहीत आहे. ऐकवायचं तर तीन फोनांसकट ऐकवा, नाहीतर त्यांच्या फोटोखाली काही वाजवू नका. आणि मूळ बोलणं मी पुसणार नाही. ते माझ्या घरी आहे, ज्याला ऐकायचं त्याने यावं. तुम्ही या. येताना मोठ्या साहेबांनाही घेऊन या."