बाकावरची शाल

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासासोबत ती शाल दिसते. क्रिकेटच्या मैदानावर कडुनिंबाखालच्या बाकावर मी आणि शेजारी बसणारे एक वयस्कर गृहस्थ, अशा आम्ही दोघांनी वीस वर्षं जिल्ह्याचे सामने पाहिले. फलंदाजाने बाहेरचा चेंडू सोडला की ते "शहाणा आहे" म्हणत. एवढंच आमचं बोलणं. एका अंतिम सामन्याला सर्वांत जुना प्रेक्षक म्हणून त्यांचा सत्कार ठरला आणि नेमके तेच आले नाहीत. "काका, तुम्हीच बसा खुर्चीवर, साहेबांना इगतपुरी गाठायचीय," आयोजक म्हणाला. सत्काराला आलेले साहेब ती शाल मलाच पांघरून माझ्या निष्ठेवर बोलत राहिले आणि सामना थांबून राहिला. शाल त्या गृहस्थांना पोचवावी म्हणून मी आयोजकाला त्यांचा नाव-पत्ता विचारला. "आम्ही त्यांना बाकावरचे काकाच म्हणायचो. तुम्हाला ठाऊक असेल ना?" मलाही ठाऊक नव्हतं. ते पुन्हा आले नाहीत. आता सामन्याला शाल नेतो, शेजारी ठेवतो. परवा एकाने चेंडू सोडला, तेव्हा "शहाणा आहे" मलाच म्हणावं लागलं.