मागच्या दाराची चावी

कामणला आई ज्या गाळ्यात शर्ट शिवते, तिथले सुपरवायझर आमच्याच चाळीत राहतात. मी त्यांना काका म्हणते. समोरच्याच्या कॉलरचा सुटलेला धागा ते बोलता बोलता तोडतात. माझी परीक्षा कशी गेली, हेही आठवणीनं विचारतात. म्हणून त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

माल चोरीला जाऊ नये म्हणून गाळ्याचं मागचं दार ते कुलूपबंद ठेवतात. शर्ट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं पाहणीला येतात, तेवढाच दिवस ते उघडं असतं.

काल गाळ्यावर आईचा डबा देऊन परतताना मला काका नाक्यावर चहा पिताना दिसले. मी धीर करून विचारलं, "काका, पुढच्या बाजूला आग लागली तर बायका बाहेर कशा येणार?"

"अगं, ते मालकाला विचार. मालक कंपनीकडे बोट दाखवतो. मी नोकरमाणूस."

"पण चावी कुणाकडे असते?"

त्यांनी अभिमानानं खिसा थोपटला. "माझ्याकडेच! दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडीन का?"

"आणि तुम्ही इथे बसलात."

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं!" ते मनापासून हसले.

मी चावीसाठी हात पुढे केला. त्यांनी त्यात चहाचा ग्लास ठेवला.