चौथी सीट

पडदा वर जातो तो उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका बराकीच्या ओट्यावर. डाव्या हाताला शिवणयंत्र, उजव्या हाताला साड्यांचा ढीग, मागे दोरीवर टांगलेले फॉल. पोपटी, मोरपंखी, राणी रंगाचे, वाऱ्यानं विंगांसारखे हलणारे. प्रकाशयोजना म्हणाल तर दुपारची, तीही समोरच्या पत्र्यावरून उसनी आलेली. मधोमध एक बाई मान खाली घालून पिको करते आहे. टाळ्या वाजवू नका, दचकेल ती.

ही कुंदा. जांभूळ गावच्या महिपती शेतकऱ्याची थोरली लेक. लग्न होऊन उल्हासनगरात आली, नवरा गेला, आणि यंत्राच्या चाकाबरोबर साठीही कधीतरी फिरून गेली. अंबरनाथ पूर्वेला हौशी मंडळींची नाटकं व्हायची तेव्हा कपडेपट हिच्याकडे असे. नऊवारीचा काष्टा सुटला, कुंदा. शालूची जर उसवली, कुंदा. आणि एन्ट्रीच्या वेळी एखाद्या नटाचे पाय गळाले, तरी कुंदाच. विंगेतल्या अंधारात ती त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि कुजबुजायची, "जा बाबा, तुझीच वाट बघतायत." ढकलायची नाही कधी. त्या एका हातावर कितीतरी जण उजेडात गेले आणि टाळ्या घेऊन परतले. हिचं नाव मात्र कुठल्या पडद्यावर आलं नाही, आणि हिला त्याची खंतही नव्हती.

अशा बाईला उतारवयात हैदराबादेत एकटीनं गाड्या बोलावत फिरावं लागलं, ते धाकट्या बहिणीपायी.

बहीण माधवी. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेली, तिकडचीच झाली. नवरा वारला, मुलगा दुबईला, आणि आता छातीत कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं. नवऱ्याच्या कंपनीचं मेडिकल कार्ड तिथल्याच हॉस्पिटलात चालणारं, म्हणून इकडे आणायची सोय नाही. दर केमोला सोबत कोण? कुंदा. कल्याणला रात्रीची गाडी धरायची, सकाळी उतरायचं, बहिणीला नेऊन आणायचं, चार दिवस पेज भरवायची, की परत येऊन उरलेल्या साड्यांचा फडशा.

फोनमध्ये गाडीचं ॲप घालून दिलं ते मॅचिंग सेंटरवाल्या धर्मेशनं. हा सिंधी दुकानदार तिला फॉलचं काम देतो आणि तिला मावशी म्हणतो. पहिल्या खेपेला हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनाबाहेर गाडी आली, कुंदा मागे खिडकीशी सरकून बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन थांबली. ड्रायव्हरही थांबला.

"चलना अम्मा?"

"रुको ना भैया. अभी सीट खाली है."

तिचं काय चुकलं? आमच्याकडे शेअर रिक्षा मागे तिघं आणि ड्रायव्हरशेजारी अर्धा लोंबकळणारा चौथा असल्याशिवाय हलत नाही. "एक सीट, एक सीट" असं ओरडून ओरडून ड्रायव्हरचा घसा बसतो, पण चौथी सीट भरल्याशिवाय गिअर पडत नाही. चाळीस वर्षं त्या शिस्तीत काढलेल्या बाईला कुणी सांगावं, की ही अख्खी गाडी तुझ्या एकटीसाठी आहे?

"पूरी गाडी तुमारीच है अम्मा," ड्रायव्हर म्हणाला. कुंदाला ते पटेना. एवढी जागा रिकामी न्यायची म्हणजे पाप. पुढच्या सिग्नलला उन्हात एक बाई दोन पिशव्या घेऊन उभी दिसली, तर हिनं दारच उघडलं. "आजा, किधर जाने का?" आणि ती बाई बसलीसुद्धा! ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. इकडे उल्हासनगरात धर्मेश दुकानात फोनवर गाडीचा ठिपका बघत होता. त्याचा लगेच फोन.

"मावशी, गाडी का थांबली?"

"सीट भरतेय."

"कसली सीट? अडे मावशी, ती कोण, कुठली, माहीत आहे का? उतरवा तिला!"

"उन्हात होती रे."

"तिला ऊन लागू दे, तुम्हाला काही व्हायला नको!"

तो प्रसंग कुंदानं संध्याकाळी जसाच्या तसा सांगितला. माधवी ऑपरेशनचे टाके सांभाळत पडली होती. आधी ओठ हलले, मग खांदे, मग पोट धरून हसली. गाठ निघाल्यापासून पहिल्यांदा. हसताना टाके दुखले तरी हसत राहिली.

परत आल्यावर धर्मेशनं काउंटरवर उभं करून शाळा घेतली. "आधी नंबरप्लेट बघायची, मग त्याचं थोबाड, फोटोशी जुळतंय का. तुमचं नाव तुम्ही सांगायचं नाही, त्यानं सांगायचं. ओटीपी शेवटी. बसायचं मागेच. गाडी कुठे आहे ते दिसणारी लिंक दर वेळी मला पाठवायची. आणि नंबर जुळला नाही तर देव जरी गाडी घेऊन आला तरी बसायचं नाही."

"एवढ्या चौकश्या? मुलगी बघायला आलेत जसे."

"मुलगा, मावशी. मुलगा बघायला गेल्यासारखं. आपली पोरगी बसणार आहे ना त्या गाडीत?"

हे मात्र तिला पटलं. तेव्हापासून प्रत्येक गाडीपुढे कुंदा चष्मा सावरून वाकायची आणि नंबर पुटपुटायची. ड्रायव्हर वैतागायचे. कुणी म्हणायचा, "पोलीस में थे क्या अम्मा?" ती म्हणायची, "कपडेपट में." त्याला काही कळायचं नाही, आणि समजावून सांगायचं त्राण हिच्यात नसायचं.

कारण त्राण संपतच चाललं होतं. गाडीतली अर्धी झोप, हॉस्पिटलातली ती थंडगार खुर्ची, बहिणीच्या ओकाऱ्या, परत येऊन पुन्हा यंत्र. कुंदाचे गुडघे बोलायचे, डोळे चुरचुरायचे. केस गळून माधवीच्या डोक्याला रुमाल आला होता, अंगाचं चिपाड झालं होतं. शेवटच्या डोसाच्या आदल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ताय, बस झालं. नाही जायचं मला."

"उद्या शेवटचं."

"शेवटचंच तर नको."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा डोस चुकला तर मागचं सगळं पाण्यात. कुंदा वाद घालत बसली नाही. रात्रभर तळपाय चोळत राहिली. सकाळी माधवी कशीबशी उठली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर कठडा धरून श्वास घेत दोघी खाली आल्या. दारात गाडी उभी होती.

कुंदा वाकली. नंबर वेगळा.

"भैया, ये वो गाडी नहीं."

"वोईच है अम्मा. वो गाडी खराब हो गई, मेरे भाई की आयडी है. बैठो, ओटीपी बोलो."

"मेरा नाम क्या है?"

"नाम से क्या करना? तुमेच बोलो ना."

तो माणूस वाईट होता असं कुणी म्हणू नये. खरंच भावाची गाडी बिघडली असेल, पोटापाण्याला आला असेल. पण कुंदाच्या खांद्यावर बहिणीची मान होती, आणि मान कुणाच्या गाडीत टेकवायची हे तिला ठरवायचं होतं.

"ताय, बस ना गं," माधवी विव्हळली. "गाडी ती गाडी. मला उभं राहवत नाही."

"नाही. ही आपली नाही."

ड्रायव्हर काहीतरी बडबडत निघून गेला. कुंदानं ती फेरी रद्द करून दुसरी गाडी बोलावली. स्क्रीनवरचं चाक गरगरत राहिलं. माधवी पायरीवर बसली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"बघ. देवालाच नको आहे. मी वर चालले."

"गाडी येतेय, माधे."

"येऊ दे. तू जा तिच्यात."

कठडा धरून ती उठली आणि दोन पायऱ्या चढलीही. कुंदा नुसती बघत राहिली. ती विंग असती तर पाठीवर हात ठेवला असता. पण पाठ उलटी फिरली होती, आणि हात इतका थकला होता की उचलवेना. आपलं चुकलं का? त्या गाडीत बसलो असतो तर एव्हाना अर्ध्या वाटेवर असतो. नियम पाळला आणि बहीण गमावली, असं तर नाही ना होणार?

तेवढ्यात गाडी आली. पांढरी, पुसून लख्ख केलेली. कुंदानं नंबर पाहिला. जुळला. चेहरा फोटोतलाच, फक्त मिशी वाढलेली. त्यानं काच खाली केली.

"कुंदा अम्मा?"

"हां," ती म्हणाली. आधी लिंक पाठवली. मग आत जाऊन पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकली, पिशवी मांडीवर घेतली, ओटीपीचे आकडे सांगितले. अलीकडचं दार मात्र सताड उघडं ठेवलं.

"चलना अम्मा?"

कुंदानं मान हलवली. नाही. जिन्यावर माधवी पाठमोरी, कठड्याला टेकून उभी होती, वरही जात नव्हती आणि खालीही येत नव्हती. आयुष्यभर अंधारात कुजबुजलेल्या त्या बाईनं खोल श्वास घेतला आणि दारातून मान बाहेर काढून, कॅम्प चारच्या नाक्यावरच्या ड्रायव्हरसारखी, बसक्या आवाजात, सगळी इमारत ऐकेल अशी आरोळी ठोकली.

"एऽ एक सीट, एक सीट, एक सीट!"

वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. ड्रायव्हर गर्रकन मागे वळला. "किसकू बुला रे अम्मा?"

जिन्यावरचे खांदे हलले. रडण्यानं की कशानं, ते मागून कळेना. मग रुमाल बांधलेलं ते डोकं हळूच वळलं. डोळे ओलेच होते, पण ओठांचा कोपरा त्या पहिल्या संध्याकाळसारखा थरथरत होता. एक पायरी खाली आली. थांबली.

कुंदानं शेजारची गादी हातानं झटकली.

"ये गो माधे. चौथी सीट तुझीच हाय. तू बसल्याबिगर गाडी हलायची नाय."