अकरा नंबरचा उडीद

आकाराममामाचा मला अजून राग येतो, आणि राग आला की पाठोपाठ त्याची कीवही येते. सहा वर्षं आम्ही कडधान्याच्या केंद्रात एकत्र राबलो. वजनं तो करायचा, वहीत मी लिहायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणे. गडी मुरगूडचा. कानात बोलला तरी बांधापलीकडं ऐकू जायचं.

त्याची बायको झुंबरबाई चार वर्षांमागं गेली. मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं ते राख घालून ठेवलेलं उडदाचं एक गाडगं, तिच्या माहेरचं बी. ती म्हणायची, "ह्येचं लाड करू नगासा. कुठंबी टाका, त्ये तुमास्नी उपाशी ठेवायचं न्हाय." मामानं ते गाडगं प्रियदर्शनी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मॅडम केंद्राच्या शास्त्रज्ञ. त्यांनी त्या बियाला चाचणीत घेतलं आणि नंबर दिला अकरा. तीन गावं, तीन वर्षं. टिकलं तर वाणाला 'झुंबर' नाव सुचवीन, असंही त्या बोलून गेल्या. त्या एका शब्दावर मामा जगत होता. भाकरी खाताना, बस धरताना, विषय तोच.

गावं मुद्दाम वेगवेगळी निवडलेली. मुरगूडची काळी जमीन, नेसरीचा हलका माळ, आणि पाऊस उघडायचं नाव घेत नाही तो गगनबावडा. चार नंबरचा उडीद मुरगुडात ओळीला एकशेतीस ग्रॅम द्यायचा आणि गगनबावड्यात तिसावर यायचा. अकरा कुठंच पहिला नव्हता. पण कुठंही टाका, ओळीला ऐंशी-पंच्याऐंशी ठरलेले. मॅडमना हेच हवं होतं. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

तिसऱ्या वर्षी गगनबावड्यात नऊ दिवस झड लागली. वाफ्यांत घोटाभर पाणी साचलं, अकराची पानं पिवळी पडली. त्या दिवशी मामा तिथं एकटाच होता. त्याला बघवेना. फावडं घेऊन त्यानं फक्त अकराच्या वाफ्यांभोवती चर मारली, पाणी काढून दिलं आणि कुणाजवळ बोलला नाही.

काढणीला तिथं अकराची ओळ भरली एकशेएकवीस. मामानं सगळ्यांना चहा पाजला. मॅडमनी मात्र चहा बाजूला ठेवून आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"दोन गावांत पंच्याऐंशी, आणि बाकीचे सगळे कुजले तिथं एकशेएकवीस? मामा, हा वाण भरवशाचा नाही. जागा बदलली की बदलतोय. याला मी पुढं पाठवू शकत नाही."

जास्त पिकलं म्हणून बाद, हे मामाच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"उडदानं न्हाय केलं त्ये, मॅडम. चर म्या मारली."

"मग तर तिथला आकडाच धरता येत नाही. वर्षच गेलं."

"आनि एक साल द्या. पाया पडतो."

"प्रकल्प मार्चला संपतोय, मामा. माझ्या हातात काही नाही."

मामा खरोखर वाकला. एवढा थोरला माणूस टेबलाची कड धरून उभा होता आणि सोडत नव्हता. इतका लाचार माणूस मी आजवर पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी वाफ्यांच्या नंबरच्या खुंट्या उपटायला आम्ही गगनबावड्याला गेलो. अकराची बांधालगतची ओळ अजून उभी होती. कडेची ओळ वजनात धरत नाहीत, म्हणून ती कुणी काढली नव्हती. बांधाकडं जागा नव्हती म्हणून मामाची चर तिच्या आतल्या बाजूनं गेलेली, ही ओळ चरीबाहेरच राहिलेली. म्हणजे ती ओळ सगळे दिवस पाण्यातच होती. मामाचं तिकडं लक्ष गेलं. त्यानं ओळीतल्या साऱ्या वाळक्या शेंगा तोडल्या, तळहातावर चोळल्या, फुंकर मारून दाणे काट्यावर टाकले.

"वाच, मास्तर."

"त्र्याऐंशी."

"परत वाच."

त्र्याऐंशीच.

तो बांधावर बसला. पँट चिखलात भिजली तरी उठला नाही.

"पाण्यात हुबा ऱ्हाऊन त्र्याऐंशी," तो म्हणाला. "ती सांगत हुती की, लाड करू नगासा. तिचा इस्वास हुता. माझाच नव्हता, मास्तर."

मी वही उघडली. कडेच्या ओळीला तिच्यात रकाना नसतो.